नाना, अक्कांना मी विचारलं

नाना, तुमच्या तेराव्याला, गंधमुक्तीच्या जेवणात वरणाला मीठ कमी होतं, आणि ते मोठ्याने सांगणारा एकुलता एक माणूस पंगतीत नव्हता. बाकी झाडून सगळे आले होते. तुमच्याशी जन्मभर कचाकचा भांडलेले सरकारी वकील आले, कोर्टाच्या आवारातला चहावाला आला. तुम्ही सोडवलेले ते दोघे बकरीचोरसुद्धा आले आणि सगळ्यांच्या आधी पानावर बसले. नानी म्हणाल्या, जेवू दे गं, त्यांच्यामुळे तर नानांचं नाव झालं होतं.

पण मी तुमच्यावर चिडलेली आहे. आपलं भांडण अर्ध्यावर टाकून तुम्ही निघून गेलात, ही कुठली रीत? तारखेला गैरहजर राहणाऱ्या वकिलांना तुम्ही काय काय बोलायचात ते मी इथे लिहू शकत नाही. आणि काल आपलंच भांडण बोर्डावर होतं, पुकारा झाला, आणि तुम्ही गैरहजर. म्हणून हे लिहायला बसले. काल काय झालं ते तुम्हाला सांगितल्याशिवाय मला झोप लागायची नाही, आणि तुम्हाला तरी तिकडे कुठे चैन पडणार आहे!

लोक तुमच्याबद्दल बोलताना 'ज्येष्ठ विधिज्ञ' वगैरे म्हणत होते. मला हसू आवरेना. मी पहिल्यांदा धुळ्यात तुमच्या ओट्यावर आले तेव्हा ज्येष्ठ विधिज्ञ बनियनवर बसून वांग्याचं भरीत चाखत होते आणि त्यात मिरची कमी पडली म्हणून आत बघून ओरडत होते. मी रावेरची, बापाची केळीची बाग, वकिलीची सनद नवी कोरी. तुम्ही विचारलंत, "रावेरची का? मग केळी आणली का?" मी नाही म्हटलं. "रिकाम्या हाताने आली, म्हणजे फी न देणाऱ्या अशिलांची सवय होईल," म्हणालात आणि मला ठेवून घेतलंत. त्या दिवसापासून माझं नाव रावेर. कोर्टात न्यायाधीशांसमोरसुद्धा तुम्ही एकदा 'माझी ज्युनिअर रावेर' असं म्हणाला होतात आणि ते तसंच टाइप झालं होतं.

तुम्ही मला कायदा शिकवलात असं मी कुणाला सांगत नाही, कारण कायद्याच्या पुस्तकावर तुम्ही बहुतेक पानाचा डबा ठेवायचात. तुम्ही शिकवलं ते वेगळंच. साक्षीदाराला आधी पाणी विचारायचं. अशिलाच्या आईला खुर्ची द्यायची. आणि ज्या प्रश्नाचं उत्तर आपल्याला माहीत नाही तो प्रश्न उलटतपासात विचारायचा नाही, मेलो तरी नाही. पहिल्या दोन गोष्टी मी पाळत आले. तिसरी काल मोडली. थांबा, रागावू नका, तिथपर्यंत येते.

सुकरामचा खटला आला तेव्हा मी जळगावात माझं ऑफिस थाटलं होतं. तरी सगळं कानावर येतच होतं. एका मळ्यातल्या घरात संध्याकाळच्या वेळी नवरा-बायकोचा खून झाला. त्या घरात मागे राहिल्या फक्त म्हाताऱ्या अक्का, त्या मेलेल्या मुलाची आई. आणि पकडला गेला त्यांचा सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीवर घरी राबणारा गडी. पिंपळनेरच्या वरच्या अंगाला एका पाड्यावरचा हा सुकराम, तोंडातून शब्द फुटायची मारामार. गाव असं पेटलं होतं की त्याचं वकीलपत्र घ्यायला कोणी धजेना. जो तो आपल्या फायलींमध्ये तोंड खुपसून बसला.

तुम्ही उठलात आणि म्हणालात, "द्या इकडे. माझी आता बदनामी व्हायची शिल्लक काय आहे?" मग कित्येक दिवस तुमच्यासोबत कोणी चहा प्यायला येईना. फोनवर मला सांगत होतात, "बरं झालं रावेर, अख्खा कप मला मिळतो." मी हसले. फोन ठेवल्यावर माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते तुम्हाला तेव्हा सांगितलं नाही. आता सांगते. मला तुमचा फार अभिमान वाटला होता.

आणि मग तो दिवस. माझं धुळ्याला दुसरंच काम होतं, ते आटपून मी तुमच्या कोर्टात मागच्या बाकावर येऊन बसले. अक्का साक्षीला उभ्या होत्या. पदर कपाळापर्यंत, आवाज दोऱ्याएवढा. सरकारी वकिलांनी विचारलं तेवढ्याचं उत्तर दिलं: घरातून निघून बांधाकडे जाताना सुकरामला पाहिला. बास. सगळ्या खटल्यात डोळ्यांनी पाहिलेलं सांगणारं एवढं एकच माणूस. न्यायाधीशांनी तुमच्याकडे पाहिलं. तुम्ही उठलात, चष्मा काढलात, अक्कांकडे वळून दोन्ही हात जोडलेत आणि म्हणालात, "माय, मला तुला काही विचारायचं नाही." आणि खाली बसलात.

पट्टेवाल्याने डोळे पुसले. बाहेर आल्यावर ज्यांनी तुमच्यासोबत चहा सोडला होता तेच लोक येऊन तुमचा हात हातात घेऊ लागले. "नाना, माणुसकी दाखवलीत." खोटं कशाला बोलू, मलाही भरून आलं होतं. आपल्याकडे मयत झालेल्या घरी दारावर बसायला जातात, तेव्हा कोणी काही विचारत नाही. जायचं, सतरंजीवर बसायचं, खाली मान घालायची, पाण्याचा घोट घ्यायचा आणि उठायचं. कसा गेला, काय झालं, हे विचारणारा माणूस अडाणी समजला जातो. तुम्ही कोर्टात दारावर बसल्यासारखे बसलात, नाना. अगदी तसेच.

निकालपत्रात काय लिहून आलं ते तुम्हाला पाठ होतं. या साक्षीदाराची साक्ष उलटतपासात जराही डळमळली नाही. डळमळेल कशी? तिला कोणी हातच लावला नव्हता. सुकरामला फाशी.

फाशी सुनावली म्हणजे लगेच फास लागत नाही. ती कायम करायची की नाही, हे वरच्या कोर्टाला तपासावं लागतं, आणि आरोपीलाही अपील करता येतं. गरिबांना मोफत वकील देतात त्या योजनेतून ते काम फिरत फिरत नेमकं माझ्या टेबलावर आलं. मी कागद वाचले आणि दुसऱ्याच दिवशी तुरुंगात सुकरामला भेटायला गेले. म्हटलं, तुझी काही तक्रार आहे का? जेवणाबद्दल, वकिलाबद्दल? त्याने जोरजोरात मान हलवली. म्हणाला, "नानाबद्दल? नाही बाई. एवढा मोठा माणूस, भर कोर्टात माझ्यासाठी हात जोडले त्याने. माझ्या बापानेसुद्धा कधी जोडले नसते."

त्याला वाटलं होतं, तुम्ही त्याच्यासाठी हात जोडलेत. त्याची हीच समजूत होती की बचाव म्हणजे हाच. बाहेर येऊन मी गाडीत बसले आणि तुम्हाला तोंडभर शिव्या दिल्या. तुमच्याच शिव्या, तुम्हीच शिकवलेल्या.

वरच्या कोर्टात सुकरामला वाचवायचा खरा मुद्दा एकच होता: या माणसाला धड बचावच मिळाला नाही. म्हणजे तुमच्या नावावर बोट ठेवायचं. ज्या एका माणसाने त्याचं वकीलपत्र घेतलं, त्याच्याच नावावर. ज्यांनी घेतलं नाही ते सगळे हुशार, चोख आणि निर्दोष! मला हे इतकं लागलं की दोन दिवस मी घरच्यांवरच खेकसत होते. शेवटी मसुदा पिशवीत टाकला आणि धुळ्याची वाट धरली. एरंडोलला चहाला थांबले तर घशाखाली उतरेना. मनात नुसती वाक्यं जुळवत होते. नाना, माफ करा. नाना, गैरसमज करून घेऊ नका. नाना, तुम्हीच शिकवलंत.

तुम्ही ओट्यावरच होतात. माझा चेहरा पाहून म्हणालात, "कोण मेलं?" मी मसुदा पुढे केला. "कसाले घाबरस वं?" म्हणालात. "जेवी ले पहिले." आणि मला आत नेऊन बसवलंत. नानींनी शेवभाजी वाढली. तुम्ही माझ्या पानाकडे बघत बसलात, मी दुसरी भाकरी घेईपर्यंत कागदाला हात लावला नाहीत. माझ्या नाकाडोळ्यांतून पाणी वाहत होतं, अर्धं तिखटाचं आणि अर्धं दुसरं. तुम्हाला फरक कळला होता, पण तुम्ही नानींना म्हणालात, "जळगाववाल्यांना सोसत नाही आपलं तिखट."

मग तुम्ही वाचायला घेतलंत. तुमच्या कपाळाला आठी पडली. मला वाटलं, झालं, आता संपलं.

"हे काय लिहिलंय?" तुम्ही ओरडलात. "'आरोपीस पुरेसा परिणामकारक बचाव मिळाला नसावा असे नम्रपणे वाटते.' नसावा? वाटते? लग्नाची पत्रिका छापतेस का? माणसाच्या गळ्याला दोर आहे, रावेर! सरळ लिही. प्रत्यक्ष पाहणाऱ्या एकमेव साक्षीदाराला वकिलाने एकही प्रश्न विचारला नाही. त्याचं नाव लिही. पूर्ण नाव लिही, बापाच्या नावासकट."

मी म्हटलं, नाना, लोक काय म्हणतील?

"लोक म्हणतील नाना म्हातारा झाला. झालोच आहे. बठ्ठं लिख, सगळंच्या सगळं."

आणि तुम्ही पेन घेऊन सुरू झालात. आजवर माझा एकही मसुदा तुम्ही लाल केल्याशिवाय सोडला नव्हता, हाही सोडला नाहीत. फरक एवढाच की या वेळी एकेक दुरुस्ती तुमच्याच अंगावर येत होती आणि तुम्हाला तर भलताच जोर चढला होता. "हा मुद्दा तर तू खाऊनच टाकलास! ज्या दिवशी गुन्हा शाबीत झाला त्याच दिवशी शिक्षेवर बोला म्हणाले. मी एकच वाक्य बोललो, सौम्य शिक्षा द्यावी. एक वाक्य! त्याची आई पाड्यावर आहे, तिला आणवली नाही. त्याने जन्मात कधी कोणाला दगड मारला नाही, ते सांगितलं नाही. घाल हे. ठळक घाल." नानी दाराशी येऊन म्हणाल्या, "अहो, कोणाची एवढी बदनामी करताय?" तुम्ही म्हणालात, "माझीच. दुसऱ्याची करायला फी लागते."

हसता हसता माझी पुरेवाट झाली. परत येताना एरंडोलला मी चहाबरोबर भजीसुद्धा खाल्ली.

पण त्याच दुपारी आपलं भांडण सुरू झालं, ते तुम्हाला आठवत असेलच. निघताना मी सहज म्हटलं, नाना, अक्कांना तुम्ही नीट, हळुवार विचारलं असतं तरी चाललं असतं. तुमचा चेहरा एकदम बदलला. "वकील म्हणून मी चुकलो," तुम्ही म्हणालात. "हजार वेळा चुकलो. पण माणूस म्हणून चुकलो असं मी म्हणणार नाही. पोटचा पोर गेलेल्या बाईला काय विचारायचं? तुले काही समजस का?" मी म्हटलं, समजतं. तुम्ही म्हणालात, नाही समजत. मी गाडीचं दार जरा जोरात लावलं.

खंडपीठापुढच्या सुनावणीला येऊ नका म्हणून मी तुम्हाला तीनतीनदा बजावलं होतं. तरी आलात. संभाजीनगरला पहाटेच्या बसने, तो विटलेला काळा कोट घालून, शेवेची पुडी खिशात. मागच्या खुर्चीत बसलात. मी दोन न्यायमूर्तींपुढे माझ्या गुरूच्या चुका एकेक करून मांडत होते. त्यातल्या मोठ्या न्यायमूर्तींनी विचारलं, त्या वकिलाचं यावर म्हणणं काय आहे, ते कोणी विचारलंय का? आणि माझ्या पाठीमागून आवाज आला, "साहेब, तो मीच. इथेच बसलोय."

न्यायमूर्ती तुमच्याकडे बघत राहिले. "तुम्ही प्रश्न का विचारला नाही?" त्यांनीही मराठीतच विचारलं. तुम्ही म्हणालात, "साहेब, आम्ही खान्देशातली माणसं. दुखवट्याच्या घरी आम्ही प्रश्न विचारत नाही. पण माझा शिष्टाचार सुकरामच्या गळ्यात बांधू नका, एवढीच विनंती. तो माझा आहे, माझ्याजवळ राहू द्या." आणि बसलात. बसताना खिशातली पुडी फुटली आणि शेव न्यायालयाच्या फरशीवर सांडली. कोणी हसलं नाही. धाकटे न्यायमूर्ती मात्र बराच वेळ फायलीआड तोंड लपवून बसले होते, ते मी पाहिलं.

निकाल आला. शिक्षा रद्द, खटला परत खाली पाठवला. अक्कांना पुन्हा साक्षीला बोलवा, आरोपीच्या वकिलाला उलटतपास घेऊ द्या, आणि मग नव्याने ठरवा. वकील मी. मी पेढे घेऊन धुळ्याला आले. तुम्ही पेढा खाल्लात, दुसराही घेतलात, आणि मग म्हणालात, "म्हणजे आता तू अक्काला पुन्हा उभी करणार."

मी म्हटलं, सुकरामला जगवायचं असेल तर करावंच लागेल.

"तिची जखम पुन्हा उघडणार."

"नाना, तिची जखम बंद झालीय हे तुम्हाला कोणी सांगितलं? तुम्ही विचारलंत का तिला?"

हे फार लागलं तुम्हाला. मला ते बोलता बोलताच कळलं. तुम्ही ओट्यावरून उठलात, आत गेलात, पुन्हा बाहेर आलात. "मी त्या दिवशी कोर्टात येणार नाही," म्हणालात. "मला बघवणार नाही. आणि ऐक, त्या बाईला रडवलंस तर माझ्याशी गाठ आहे." मी म्हटलं, बघू. तुम्ही म्हणालात, बघूच. आपलं एकमेकांशी झालेलं शेवटचं बोलणं म्हणजे हे 'बघूच'. माणसं जाताना आशीर्वाद देऊन जातात, तुम्ही धमकी देऊन गेलात. तुम्हाला शोभलं ते.

त्यानंतर थोड्याच दिवसांत नानींचा फोन आला.

मी दारावर बसायला आले. बाहेर मांडवात पुरुष माना खाली घालून, आत बायका नानींभोवती. रीतीप्रमाणे कोणी चकार शब्द काढत नव्हतं. नानी भिंतीला टेकून बसल्या होत्या, नजर कुठेच नाही. मीसुद्धा बसले. पाणी आलं, घोट घेतला. आता उठायचं एवढंच बाकी होतं. आणि नाना, मला राहवलं नाही. मी तुमची ज्युनिअर, पण तुमच्याइतकी सभ्य नाही. मी सरळ विचारलं, "नानी, त्या दिवशी काय झालं? काय म्हणाले शेवटी?"

सगळ्या बायकांनी माझ्याकडे असं पाहिलं, मी चपला घालून देवघरात शिरले होते जणू. आणि नानी एकदम सरळ बसल्या. "अगं, काय म्हणणार? भाजीत तिखट नाही म्हणाले!" आणि मग त्या जे बोलायला लागल्या ते थांबेचनात. सकाळी काय खाल्लं, कोणाला शिव्या दिल्या, दुपारी खुर्चीत कसे कलंडले, नानींना वाटलं नेहमीसारखी डुलकी लागली, म्हणून त्यांनी अंगावर पंचासुद्धा घातला. रडत होत्या, मध्येच हसत होत्या, पदराने नाक पुसत होत्या. हळूहळू बायका जवळ सरकल्या. कोणी म्हणालं, "मग?" कोणी म्हणालं, "अगं बाई!" निघताना नानींनी माझा हात घट्ट धरला आणि कानात म्हणाल्या, "दोन दिवस झाले, सगळे येतात नि जातात. विचारलंस ते बरं केलंस गं."

तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं की आपलं भांडण मी जिंकणार. आणि ते ऐकायला तुम्ही नव्हतात. घरी जाईपर्यंत मी रडले, ते तुम्ही गेलात म्हणून तर होतंच, आणि या चिडीनेही होतं.

आता कालचं. अक्का आल्या. खूप वाकल्यात. पदर तसाच कपाळापर्यंत. सुकराम पिंजऱ्यात उभा, जमिनीकडे बघत. मी आधी अक्कांना पाणी विचारलं. त्या नको म्हणाल्या. मी खुर्ची मागितली, न्यायाधीशांनी लगेच द्यायला लावली. मग मी उभी राहिले. उत्तर माहीत नसलेला प्रश्न विचारायचा नाही, हे तुमचं वाक्य कानात घुमत होतं. मी लिहून आणलेले सगळे आखीव प्रश्न बाजूला ठेवले आणि नानींना विचारलं होतं तेच विचारलं. "अक्का, त्या दिवशी काय झालं? सावकाश, तुम्हाला सुचेल तसं सांगा."

सरकारी वकील उठले, असा मोघम प्रश्न उलटतपासात विचारतात का म्हणाले. न्यायाधीश म्हणाले, साक्षीदाराला बोलू द्या.

आणि अक्का बोलल्या. तो दोऱ्याएवढा आवाज हळूहळू भरत गेला. म्हैस दूध चोरत होती, म्हणून गोठ्यात वेळ लागला. सुनेने चहा टाकला होता, मुलगा काहीतरी गुणगुणत होता. मग तो आवाज थांबला. त्या बाहेर आल्या तेव्हा अंधारून आलं होतं आणि कोणीतरी बांधाकडे चाललं होतं. "सुकरामचा सदरा ओळखला मी," त्या म्हणाल्या. "निळ्या चौकडीचा."

मी विचारलं, "तोंड पाहिलंत?"

"तोंड कुठलं? पाठ."

"तसा सदरा आणखी कोणाकडे होता का?" झालं, नाना, विचारून बसले. उत्तर मला ठाऊक नव्हतं.

अक्कांनी पहिल्यांदा मान वर केली. आपल्याकडे सालदाराचं साल आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला बदलतं आणि नव्या सालाला त्याला कपडे शिवतात, हे कोर्टाला ठाऊकच होतं. अक्का म्हणाल्या, आदल्या सालच्या सालदाराला मुलाने निळ्या चौकडीचाच सदरा शिवला होता. त्याच ताग्यातलं कापड उरलं, म्हणून त्या वर्षी सुकरामलाही त्याचाच शिवला. आदला सालदार आखाजीला मुलाशी भांडून गेला, कुठे गेला ते माहीत नाही. मग त्या सुकरामकडे वळल्या. "माझ्या मनात तेव्हापासून आहे हे," म्हणाल्या. "झोप लागत नाही."

न्यायाधीश पुढे झुकले. "आजी, मग तुम्ही हे तेव्हाच का नाही सांगितलं?"

अक्का म्हणाल्या, "माले कोनी इचारंच नही. तो म्हतारा वकील हात जोडीसन बसी गया."

निकाल अजून यायचाय. आदल्या सालदाराला शोधायचा हुकूम झालाय, सुकरामची आई पाड्यावरून येऊन कोर्टापुढे बसायला तयार आहे, या खेपेला तिला मी आणवते. सुकराम सुटेल असं मी आज लिहीत नाही, तुम्हीच म्हणाला असतात, पेढे आधी वाटू नकोस. पण दोर ढिला झालाय, नाना. कालच्या दिवसात त्याने पहिल्यांदा मान वर करून पाहिलं.

आणि अक्का रडल्या. मी रडवलं नाही, पण रडल्या. तुमच्याशी माझी गाठ पडेल तेव्हा पडेल. कोर्टाबाहेर मी त्यांना हात धरून उतरवत होते, तेव्हा त्यांनी विचारलं, "तो म्हतारा कोठे शे?" मी सांगितलं, नाना गेले. त्या पायरीवरच थांबल्या. मला म्हणाल्या, फार भला माणूस होता गं, माझ्या दुःखापुढे हात जोडणारा तो एकटाच. मग पदर सावरला आणि विचारलं, "घरी कोण आहे त्याच्या?" मी म्हटलं, नानी आहेत.

"मग मला ने तिकडे. बसते तिच्याजवळ."

मी नानींना फोन करून चहा टाकायला सांगितलं. गाडी तुमच्या ओट्यापाशी थांबली. अक्का आत गेल्या, सतरंजीवर नानींच्या गुडघ्याला गुडघा लावून बसल्या. पाणी आलं, त्यांनी एक घोट घेतला. मला वाटलं, आता मान खाली घालतील.

त्यांनी नानींचा हात हातात घेतला आणि विचारलं, "माय, कसा गेला गं तुझा म्हातारा? सांग मला सगळं."